शाळांची तुलना करा, पण मुलं कुठून निघाली तेही मोजा

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे,
आणि सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी व शिक्षणाधिकारी (प्राथमिक)

महोदय,

सप्रेम नमस्कार.

चाचणीचे गुण ऑनलाइन भरून झाले की तालुक्याच्या आढावा बैठकीत तक्ता दाखवला जातो. शाळांची नावं, पुढे सरासरी टक्केवारी, वरच्या ओळी हिरव्या, तळाच्या लाल. लाल ओळीतल्या मुख्याध्यापकांना उभं करून कारण विचारलं जातं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा (केंद्राचा) प्रमुख झालो. अशा बैठकीत मी उत्तर देणाऱ्यांच्या रांगेतही बसलो आहे आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेतही. त्या अनुभवावरून हे पत्र लिहितो आहे.

शाळांची तुलना नको, असं माझं म्हणणं नाही. ती झालीच पाहिजे. सरकारी शाळेत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी शाळेत राहून गेलेलं भरून काढायला कोणी नसतं. खासगी शिकवणी नाही, गृहपाठ बघणारी ताई नाही. अशा शाळेत मूल किती शिकलं हे कोणी मोजलं नाही, तर त्याचं नुकसान कोणाच्या नजरेलाही पडत नाही. माझी मागणी एवढीच आहे की निकालाच्या शेजारी मुलांची पार्श्वभूमी मांडा. ती माहिती आपण आमच्याकडूनच दरवर्षी भरून घेता, आणि निकालाच्या तक्त्यात मात्र ती कुठेच दिसत नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण दहावीचं. निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी ठरलेली. २०२४ मध्ये कोकणचा निकाल ९९.०१ टक्के होता आणि तळाला असलेल्या नागपूर विभागाचा ९४.७३. २०२५ मध्ये कोकण ९८.८२ आणि नागपूर ९०.७८. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शिक्षकांचं श्रेय मला हिरावून घ्यायचं नाही. पण कोकण विभाग म्हणजे हे दोनच जिल्हे, आणि परीक्षेला बसणारी मुलं तीस हजारांच्या आत. नागपूर विभागात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया येतात. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीच्या लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण ३८.७ टक्के होतं, सिंधुदुर्गात ते एका टक्क्याच्या आसपास. भामरागडच्या जंगलातून आश्रमशाळेत आलेली माडिया मुलगी आणि सावंतवाडीतली, आईबाप दोघेही शिकलेले असलेली मुलगी यांच्या निकालातल्या फरकात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे आपण कधी शोधलेलं नाही. आकडा छापतो आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरतो.

शिवाय त्या टक्केवारीचा छेद बघा. त्यात फक्त परीक्षेला बसलेली मुलं असतात. आठवीनंतर ऊसतोडीला गेलेला मुलगा, नववीत असताना लग्न झालेली मुलगी, दहावीचा निकाल खराब होऊ नये म्हणून नववीतच अडकवून ठेवलेलं आणि मग कंटाळून घरी बसलेलं मूल, यांतलं कोणीच त्या हिशेबात नसतं. कच्ची मुलं गाळणाऱ्या शाळेचा निकाल वर जातो, आणि शेवटच्या मुलापर्यंत सगळ्यांना परीक्षेला बसवणाऱ्या शाळेचा खाली येतो. नववीत किती होती आणि दहावी किती उत्तीर्ण झाली, हे दोन आकडे शेजारी छापले तर राज्यातल्या कितीतरी नामांकित शाळांची ओळ खाली सरकेल, असं माझं मत आहे.

आता प्राथमिककडे येतो, कारण माझं आयुष्य तिथं गेलं.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ मध्ये ६९.३ टक्के लोक आदिवासी होते आणि साक्षरता ६४.४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. अक्कलकुवा किंवा अक्राणी (धडगाव) तालुक्यात पहिलीत येणारं मूल घरी भिली किंवा पावरी बोलतं. मेळघाटातलं मूल कोरकू बोलतं, आणि कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातलीही नाही. या मुलांची पहिली दोन वर्षं पुस्तकातली मराठी कानावरून डोक्यात उतरायलाच जातात. मग नियतकालिक मूल्यांकन चाचणी येते (सुरुवातीला पायाभूत, पुढे संकलित) आणि पुण्याच्या उपनगरातल्या मुलाला जी मराठीची प्रश्नपत्रिका, तीच या मुलाला. पेपर एक असावा, हे मला मान्य आहे. पण त्या मुलानं मिळवलेले पन्नास गुण आणि पुण्यातल्या मुलानं मिळवलेले पन्नास गुण यांना एकाच मापानं मोजून दोन्ही शाळांना एकच शेरा देणं मला मान्य नाही. पहिल्या शाळेतल्या शिक्षकानं मुलाला एक अख्खी भाषा शिकवलेली असते.

बीडचं चित्र वेगळं आहे. तिथं भाषा मराठीच, पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचे ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात आणि ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या दिशेनं निघतात. पट कागदावर तसाच राहतो, वर्ग मात्र निम्मा होतो. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं, आजी-आजोबा धडधाकट असले, तर काही मुलं मागे राहतात. बाकीची मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे सुरुवातीची पायाभूत चाचणी त्यांनी दिलेली असते, मधलं अख्खं वर्ष ती उसाच्या फडावर पाचट वेचत, धाकट्या भावंडाला सांभाळत काढतात, आणि वर्षाअखेरच्या संकलित चाचणीला पुन्हा वर्गात असतात. या मुलांचे गुण शाळेच्या सरासरीत मिसळून शाळा 'घसरली' म्हणणं हा त्या शाळेवर अन्याय आहे. आणि त्याहून मोठा अन्याय त्या मुलांवर आहे, कारण सरासरीत मिसळल्यामुळे ती वेगळी दिसतच नाहीत. ती वेगळी दिसली असती, तर वसतिगृह ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा, अशी मागणी आकड्यानिशी करता आली असती. पालघर-रायगडातल्या कातकरी मुलांचं वीटभट्टीवर हेच होतं.

तिसरी गोष्ट पटाची. ज्या वर्गात सहा मुलं आहेत, तिथं एक मूल वाचायला लागलं की वर्गाची टक्केवारी सोळा-सतरानं वर जाते, आणि वाचणारं एखादं मूल त्या दिवशी तापानं घरी राहिलं की ती खाली येऊ शकते. अशा शाळांचा क्रमांक एका वर्षी तालुक्यात पाचवा आणि पुढच्या वर्षी शहाऐंशीवा लागतो. त्यातून शिक्षकाबद्दल काहीही कळत नाही. तीन वर्षांची मुलं एकत्र धरून आकडा काढला तर थोडा भरवसा ठेवता येतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात थोड्याथोडक्या नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याच कार्यालयानं समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा अशा १४ हजारांहून अधिक शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं असल्याचं समोर आलं होतं. तोरणमाळ आणि पानशेतच्या समूह शाळांचं उदाहरण त्या वेळी दिलं गेलं. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा, शासन निर्णय आला आणि सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाचं पदच मंजूर होईना. पट आणि टक्केवारी या दोनच आकड्यांवर शाळेचं भवितव्य ठरू लागलं, की ते आकडे माहिती न राहता निवाडा होतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्याच नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असण्याचं वचन दिलेलं आहे.

इथं खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेची आठवण करून द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी तिथला पट इतका खाली गेला होता की शाळा बंद पडण्याच्या बेतात होती. त्याच शाळेला २०२५ मध्ये जगभरातल्या सर्वोत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. तेव्हाच्या तक्त्यावरून निर्णय झाला असता तर आज तिथं कुलूप असतं. या शाळेचा मला मनापासून अभिमान आहे. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीचाही आहे. पण भामरागडच्या शिक्षकाला या शाळा दाखवून 'असं करून दाखवा' म्हणणं पुरेसं नाही. चाकण, शिक्रापूर, रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्याजवळचं गाव, जमीन आणि पैसा देऊ शकणारे ग्रामस्थ, मदतीला येणाऱ्या कंपन्या, यांतलं त्याच्याकडे काहीच नाही. त्याला शिकायचं असेल तर धडगावच्या, धारणीच्या किंवा एटापल्लीच्या अशा शाळेकडून, जिथं दोनच शिक्षक आहेत, मुलांची भाषा वेगळी आहे, रस्ता पावसाळ्यात तुटतो, आणि तरीही तिसरीतली मुलं सलग वाचतात. अशा शाळा आहेत. मी पाहिल्या आहेत. पण आपल्या तक्त्यात त्या मधल्या पिवळ्या पट्ट्यात कुठेतरी हरवलेल्या असतात, कारण त्यांची टक्केवारी राज्याच्या सरासरीच्या आसपास असते. त्यांच्या परिस्थितीत ती सरासरी गाठणं ही राज्यातली सर्वांत मोठी कामगिरी असू शकते, आणि ती शोधायची सोय आपल्याकडे नाही.

ही सोय करायला नवी माहिती गोळा करावी लागणार नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत आता प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते. सामाजिक प्रवर्ग, दारिद्र्यरेषा, मातृभाषा, दिव्यांगत्व, मागच्या वर्षी किती दिवस हजर होतं, हे सगळं आम्ही रात्री उशिरापर्यंत जागून, सर्व्हर चालू होण्याची वाट बघत भरतो. चाचणीचे गुणही मुलागणिक भरतो. विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक आहेच. हे दोन संच जोडायचे, आणि प्रत्येक शाळेपुढे राज्यातल्या तिच्यासारख्याच पंधरा-वीस शाळा मांडायच्या: तेवढेच शिक्षक, साधारण तेवढाच पट, मातृभाषा वेगळी असलेल्या आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांचं तेवढंच प्रमाण, तेवढीच गरिबी. मुलाच्या आईचं शिक्षण किती, ही एक नोंद मिळाली तर तीही घ्या. आमच्या अनुभवात मुलाच्या वाचनाचा तिच्याइतका पक्का अंदाज दुसऱ्या कुठल्या रकान्यावरून येत नाही. आणि गुणांची नुसती सरासरी न लावता, तेच मूल पायाभूत चाचणीत राज्यातल्या मुलांच्या तुलनेत कुठे होतं आणि वर्षाअखेर कुठे पोचलं, हे लावा. दोन पेपरांची काठिण्यपातळी सारखी नसते, म्हणून गुणांची थेट वजाबाकी करू नका. त्या मुलाचं राज्यातलं स्थान किती सरकलं, ते बघा.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. गरिबी, जात, भाषा हिशेबात धरली की गरीब मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवायची सवय लागेल. इंग्लंडमध्ये हे घडून गेलं आहे. तिथं २००६ मध्ये मुलांच्या पार्श्वभूमीचा हिशेब धरून शाळांचं मोजमाप सुरू झालं, आणि वंचित मुलांसाठी पट्टी खाली आणली जाते या कारणावरून काही वर्षांत ते बंद झालं. २०१६ पासून तिथं मुलाची सुरुवात कुठे होती तेवढं धरून त्याची पुढची प्रगती मोजण्याची पद्धत आली. आपण त्यातून शिकावं. तिसरीतल्या मुलाला सलग वाचता आलं पाहिजे, ही अपेक्षा अक्कलकुव्यातही तीच आणि कोथरूडमध्येही तीच. ती तसूभरही खाली येता कामा नये. म्हणून कच्चा आकडा झाकू नका. दोन्ही छापा. पहिल्या आकड्यावरून कळेल की किती मुलांना अजून वाचता येत नाही. दुसऱ्यावरून कळेल की शाळेनं आहे त्या परिस्थितीत किती मजल मारली, आणि कुठे जादा शिक्षक, वसतिगृह, त्यांची बोली जाणणारा स्वयंसेवक पाठवायला हवा.

माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनाही इथंच सांगतो. 'आमच्याकडची मुलंच तशी आहेत' हे वाक्य मी शिक्षण परिषदांमध्ये फार ऐकलं आहे, आणि दर वेळी ते मला लागलं आहे. मुलांच्या गरिबीआड लपण्याचा तो प्रकार आहे. सारख्या परिस्थितीतल्या शाळा शेजारी मांडल्या की ही सबब आपोआप संपते. शेजारच्या केंद्रातली शाळा, तसाच पाडा, तशीच मुलं, आणि तिथली मुलं वाचतात. मग आपली का नाहीत, या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं. राज्याच्या सरसकट क्रमवारीत हा प्रश्न कोणी विचारूही शकत नाही.

आकडे फुगतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावर असलेली, वर्गात नसलेली मुलं उघडी पडली. पटावर पदं आणि अनुदान अवलंबून होतं, म्हणून पट फुगला. आजच्या चाचण्या शिक्षकच घेतात, शिक्षकच तपासतात, शिक्षकच गुण भरतात. त्या गुणांना बक्षीस, बदली किंवा नोटीस जोडली की तेही फुगणार. म्हणून या तुलनेवरून कोणाला शिक्षा किंवा पारितोषिक देऊ नका. आणि दर तालुक्यातल्या थोड्या शाळांत डाएटच्या (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या) माणसांनी किंवा दुसऱ्या केंद्रातल्या शिक्षकांनी जाऊन मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावून गुणांशी ताळा घ्यावा. निवृत्त शिक्षक या कामाला आनंदानं येतील.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ४ डिसेंबर २०२४ ला झालेलं परख सर्वेक्षण किंवा 'प्रथम' या संस्थेचा असर अहवाल यांचे आकडे शाळेवर लादू नका, ही एक विनंती मध्येच करतो. परखमध्ये तिसरी, सहावी, नववीची निवडक मुलं असतात. असरवाले घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. जिल्ह्याचं, राज्याचं चित्र त्यातून चांगलं कळतं. पण त्यावरून एखाद्या केंद्राला जाब विचारणं म्हणजे त्या सर्वेक्षणाचाच गैरवापर आहे.

या सगळ्यात ज्यांचा हक्क सर्वांत मोठा, त्या पालकांपर्यंत आज काहीच पोचत नाही. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. त्यांच्या हातात यू-डायसचे इंग्रजी रकाने ठेवून उपयोग नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं नियम बदलला, आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याच्या बंधनातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. त्या काळात मला वारंवार वाटत राहिलं की जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे असं पालकांना सांगणाऱ्या शासनानं ती शाळा कशी चालली आहे, हे त्यांना एका पानावर, मराठीत, कधी दाखवलं आहे का? एक पान पुरे. आपल्या शाळेत किती मुलं, किती शिक्षक, किती मुलं वाचतात, आपल्यासारख्या शाळांत किती वाचतात, किती मुलं हंगामात बाहेर गेली, त्यांतली किती परत आली आणि शिकली. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवावं.

त्या पानावर एक खबरदारी मात्र हवीच. बारा मुलांच्या शाळेत एखाद्या जातीची दोनच मुलं असतील आणि जातवार निकाल छापला, तर गाव त्या दोघांकडे बोट दाखवेल. जिथं एखाद्या गटात दहापेक्षा कमी मुलं आहेत, तिथं तो आकडा जाहीर करू नये. ही माहिती शाळेला मदत पाठवण्यासाठी आहे, मुलाच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी नाही.

राज्यभर एकदम सुरू करा, असं मी म्हणत नाही. तीन तालुके घ्या. एक धडगाव, एक बीडमधला ऊसतोड कामगारांचा, शिरूर कासार किंवा पाटोदा, आणि एक हवेलीसारखा शहराला लागून असलेला, जिथं परराज्यातून आलेल्या कामगारांची मुलं सरकारी शाळेत बसतात आणि त्यांचीही मातृभाषा मराठी नसते. या तीन तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेचं पान तयार करा, आणि पुढच्या पायाभूत चाचणीच्या आधी ते तिथल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हाती द्या. त्यानंतरच्या आढावा बैठकीत लाल ओळीतल्या मुख्याध्यापकांना उभं करण्याआधी त्यांच्यासारख्या शाळांचा तक्ता पडद्यावर लावा, आणि त्यांना काय हवं आहे ते विचारा.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त केंद्रप्रमुख